नुसता उभा राहा

एफी : हळू बोला, गिलख्रिस्टसाहेब. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा.

गिलख्रिस्ट : अगं, मिरवणुकीची बस या इस्पितळावरूनच जाणार. तुझ्या नवऱ्याची खाट खिडकीशी ओढली, तर पोरं चषक दाखवतील त्याला. किलब्रेननं पहिल्यांदा लीग जिंकलीय, एफी! सगळं गाव रस्त्यावर आलंय.

एफी : आणि मर्डोनं काय दाखवायचं? पाय?

गिलख्रिस्ट : असं तोडून बोलू नकोस.

एफी : तोडलात तुम्ही. मी नुसती बोलतेय.

गिलख्रिस्ट : त्या ग्लासगोवाल्यानं लाथ घातली, त्याला मी काय करणार?

एफी : त्याच्या लाथेनं नडगीला तडा गेला. मध्यंतरात मर्डो सांगत होता ना, पाय टेकवत नाही म्हणून?

गिलख्रिस्ट : मग दहाजणांनी लढायचं? फुटबॉलात बदली माणूस घ्यायचा नियम अजून आलाय कुठे? मी म्हटलं, डाव्या कडेला नुसता उभा राहा. त्यांचा एक गडी तरी तुझ्यापाशी अडकेल.

एफी : बुजगावणं केलंत त्याचं.

गिलख्रिस्ट : तो आपणहून हो म्हणाला.

एफी : तुम्हाला कधी नाही म्हणालाय तो? कोळशाच्या खाणीतून बाहेर काढलंत, मॅनेजर तुम्ही, तुम्हीच संघात घेतलंत. देव मानतो तुम्हाला!

मर्डो : उभा कुठे राहिलो, एफी? चेंडू समोर आला. धावलो.

एफी : जागा आहेस?

मर्डो : तुमच्या भांडणात झोप कसली? साहेब, मी हेक्टरकडे चेंडू दिला, तेवढंच आठवतंय. मग हाड मोडल्याचा आवाज, आणि वर नुसतं आभाळ.

गिलख्रिस्ट : अरे, त्यावरच गोल झाला, वाघा! तू लवकर बरा हो. पुढच्या मोसमात तुझी जागा पक्की.

एफी : तू सांगतोस, की मी सांगू?

मर्डो : उद्या कापणार आहेत, साहेब. गुडघ्याखाली.

गिलख्रिस्ट : काय? मला... मला कोणी सांगितलं नाही.

एफी : विचारलंत कुठे? आल्यापासून बस आणि चषक चाललंय तुमचं.

(खालून बँड ऐकू येतो, मग गर्दीचा गलका.)

गिलख्रिस्ट : मी जाऊन थांबवतो त्यांना. बँड तरी बंद करायला सांगतो.

मर्डो : कशाला? पोरांनी कमावलाय आजचा दिवस. जा तुम्ही, लोक शोधत असतील.

गिलख्रिस्ट : मर्डो, मी...

मर्डो : जा, साहेब.

एफी : गेला. खरंच गेला बघ.

मर्डो : कोणाच्या नावानं ओरडतायत गं?

एफी : हेक्टरच्या.

मर्डो : हं. गोल त्यानंच केला ना.