मजुरी वाढली, कार्ड गेलं

मी घाटंजीकडची. मायबाप दुसऱ्याच्या वावरात राबनारे, लगन होऊन दिग्रसले आली अन् तवापासून जिनिंगातच हावो. कापसातला कचरा वेचाचा, गंजी ओढाची, दिवसभर नाकातोंडात रुई. नवरा हमाली करता करता गेला, घरात मी, दोन पोरी अन् माही सासू, यमुनामाय. काय सांगू तुम्हाले, पिवळ्या कार्डावर गहू-तांदूळ भेटे, म्हनून घर चाले.

एका सालात कापसाले भाव नव्हता, शेतकरी रडे अन् जिनिंगचा शेठ बी रडे, पन जिनिंग काई थांबली नव्हती. आमची मजुरी मात्र तिथंच. मंग आम्ही बायांनी ऐन हंगामात, कापसाच्या गाड्यांची रांग लागली तवा, काम बंद केलं अन् फाटकापाशी बसलो. शेठ म्हने दुसऱ्या बाया आनतो, मी म्हनलं आना, त्याहीले बी इथंच बसवतो. शेवटी वाढवली त्यानं मजुरी, कागदावर लेहून देल्ली. आम्ही हसत घरी गेलो बाप्पा.

पन उत्पन्नाचा दाखला काढाले गेली त तलाठी म्हने बाई, आता तुम्ही पिवळ्या कार्डात बसत नाई. कार्ड गेलं. जेवढं वाढलं तेवढं धान्यातच जाऊ लागलं, अन् माहंच नाई, समद्या बायांचं तसंच. माही जोडीदारीन सुमन, ते त माह्यावरच चिडली, म्हने तुह्या नादी लागून काय भेटलं. शेठले हे समजलं. त्यानं बोलावलं, म्हने कागदावर जुनीच मजुरी दाखवतो, कार्डं वापस भेटतीन, वरचं हातात देईन. बाया तयार झाल्या. मी म्हनलं नाई. हातातलं उद्या बंद केलं त कोनाले काय दाखवाचं?

मंग गेली तहसीलीत. म्हनलं सायेब, भांडलो आम्ही, देल्लं शेठनं, अन् वाचलं सरकारचं, आमच्या ताटात काय वाढलं? सायेब वाईट नव्हता. म्हने बाई, तुम्ही कमावता, मंग सरकारनं काहून द्याचं? मी म्हनलं, नका देऊ, पन हळूहळू सोडा ना, उभं राहू पाह्यलं का लगेच हात काढता. त्यानं अर्ज ठेवून घेतला. कार्ड काई आलं नाई.

घरी येऊन रडली मी. म्हनलं माय, चुकलंच माहं, शेठचं आयकाले पाह्यजे होतं. यमुनामाय भाकर थापून राह्यलती, तिनं हात थांबवला.

"त्या रेशनच्या दुकानदाराच्या मी पाया पडत होती बाई. मनात आलं त दे, नाई त उद्या ये म्हने. तुह्या मजुरीचं धान्य कोनी उद्यावर ढकलत नाई. तू मांगं सरू नको."

हेच मी सुमनले सांगतलं, बाकीच्याहीले सांगतलं. शेठच्या कागदावर कोनी अंगठा देल्ला नाई. पुढच्या हंगामात आम्ही पुन्हा फाटकापाशी बसलो, सुमन समोर होती, अन् पुन्हा वाढली मजुरी. ते वाढ मात्र सगळी घरात आली, कारन सरकारजवळ आमचं काटाले काई उरलंच नव्हतं.

आता यमुनामाय नाई. मी अजून जिनिंगात जातो, दम लागते पन जातो. अर्ज बी दरसाल देतो, मजुरी बी घेईन अन् धान्य बी मांगीन, कायले सोडू? तुम्ही लेहून घेतलं, बरं केलं, तुमच्या लेकराबाळाहीचं भलं हो. चाला, माह्या कामाच्या पाळीची वेळ झाली.