सातव्या खांबाजवळचा डाग

नाही, तुम्हीच सांगा, भर दुपारी काळा शर्ट, काळी पँट, काळे मोजे आणि वर काळी कानटोपी घालून निघालेल्या माणसाला लोक काय समजणार? चोर! शेजारचे काका तर जिन्यात गाठून विचारतात, "काय, आज कुणाकडे?" अहो, फोटो काढायला चाललोय! मोठमोठ्या इमारतींचे, आतून! त्यात काय एवढं, असं वाटतंय ना तुम्हाला? आमच्या मेव्हण्यालाही तेच वाटतं. "दाजी, सगळे दिवे लावा आणि दाबा की बटण!" लावा! दिवे लावले की छत पिवळं, खिडक्या पांढऱ्याफटक, आणि कोपऱ्यांत नुसता काळोख. बरं, समोरून फ्लॅश मारावा, तर पुढच्या दोन खुर्च्या चमकतात आणि मागचा अख्खा हॉल गायब!

मग करायचं काय? पडदे ओढायचे, कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, शटर चांगलं पाच-सहा मिनिटं उघडं टाकायचं, आणि फ्लॅश हातात घेऊन आपण स्वतः त्या फोटोतून चालायचं. हो, फोटोतून! खांबामागे लपायचं, भिंतीकडे फ्लॅश मारायचा, फट्... की पळ पुढच्या खांबाकडे! अंधारात काळे कपडे, कॅमेऱ्याला आपण दिसतच नाही. फक्त थांबायचं नाही. चालत राहिलं की दिसत नाही, थांबलं की दिसतं! बत्तीस वर्षं चालतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो अंधार म्हणजे मी.

तर हा वाचनालयाचा नवा हॉल. सोळा खांब! आर्किटेक्टसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "फोटो दारातच लावणार, भिंतभर. आणि खाली तुमचं नाव. शब्द माझा!" नाव! बत्तीस वर्षांत एका फोटोखाली नाव नाही हो माझं... बायकोने त्याच दिवशी सगळ्या माहेराला कळवलं. मेव्हण्याला मुद्दाम! कारण हा मेव्हणा चार लोकांत माझी ओळख कशी करून देतो माहितीये? "हे आमचे दाजी. हे... म्हणजे... असतात."

झालं, उघडलं शटर. एक, दोन, तीन... सहा खांब फटाफट! सातव्यापाशी गुडघा म्हणाला, बास. बसलो की तिथेच, भुईला! हॉलच्या मधोमध! दोन मिनिटं उठताच येईना, आणि डोक्यात एकच, चालत राहिलं की दिसत नाही, थांबलं की दिसतं... कसाबसा उठलो, उरलेले दहा केले, म्हटलं, "साहेब, पुन्हा काढतो." साहेब कॅमेऱ्याच्या त्या टीचभर पडद्यात बघून म्हणाले, "छे छे, झकास आलाय! परवा उद्घाटन आहे, द्या इकडे!"

बायकोला आणि मेव्हण्याला घेऊन उद्घाटनाला गेलो. फोटो भिंतभर! खाली आर्किटेक्टसाहेबांचं नाव, इंजिनियरचं नाव, फरशीवाल्याचं नाव, अहो, पडदेवाल्याचं नाव! ते पडदे मी ओढले होते! माझं नाव? शोधा. साहेबांना गाठलं, तर म्हणतात, "अरेच्चा, तुमचं राहिलंच की! बरं, ते जाऊ दे, सातव्या खांबाजवळ हा डाग कसला हो?"

राग आला म्हणजे... रडायचाच बाकी होतो. तेवढ्यात बायको चष्मा लावून जवळ गेली. "अगंबाई! अहो, हे तर तुम्ही!" आणि भावाला हाताला धरून पुढे ओढलं. "बघ, बघ तुझे दाजी!" मेव्हण्याने मान वाकडी करकरून पाहिलं आणि म्हणाला, "हो की... असतात."

परवा सहज त्या वाचनालयात डोकावलो, तर सफाईवाला स्टुलावर चढून ओल्या फडक्याने घासतोय, घासतोय... "काका, पहिल्या दिवसापासून बघतोय, हा एक डाग काही केल्या जात नाही!"

म्हटलं, जरा हळू घास रे बाबा. गुडघा आहे तो.