होडीत चढलेला साप

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारी बहीण आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. तिच्या मांडीवर रिपोर्टचं न उघडलेलं पाकीट होतं.

“ताई, तळ्यातला तो साप आठवतो?”

“वल्ह्यावरून सरसर होडीत चढला तो? न आठवायला काय झालं! तो आत आला आणि तू धपकन पाण्यात!”

“आठ वर्षांचा होतो गं मी.”

“आणि मी दहाची. त्याआधी तुला धड तरंगताही येत नव्हतं. त्या दिवशी बोंबलत थेट काठापर्यंत पोहलास!”

“केवढा होता तो!”

“हातभर. साधा पाणसाप, दमला होता बिचारा. समोरच्या फळीवर वेटोळं घालून बसला.”

“आणि तू एकटीच वल्हवत आलीस.”

“पाय वर घेऊन. भीती वाटू नये म्हणून त्याला पाढे म्हणून दाखवले. सतराच्या पाढ्यात अडले, पण तो काही बोलला नाही.”

“घरी मात्र सांगितलंस, की यानंच साप हुसकावला.”

“मग? पळालास म्हणून सांगू?”

नर्सनं तिचा नंबर पुकारला.

“ताई, मी येऊ आत?”

“ये की. फक्त डॉक्टर काहीही म्हणोत, या वेळी उडी मारायची नाही.”