केरबापास्नं टाकीपातूर

— बसा म्हन्तोय न्हवं मेजर, हुबं ऱ्हाऊन कुटवर वरडनार? बसवत न्हाई? अजून दुखतंय व्हय? बरं, मग ऱ्हावा हुबं. माज्या कारखान्यात बसायच्या जागंला तोटा न्हाई बगा, सकाळधरनं सिमेंटची बाकंच वततोय, पन जो येतो त्यो हुबंच ऱ्हातो. तुमी पयलं माजं ऐका. बाक मोडलं, मान्य. पंधरा ऑगस्टला, झेंडावंदन झाल्यावर, सगळ्या गावाच्या म्होरं मोडलं, ते बी मान्य. पन किती जनं बसला हुतासा त्येच्यावर? तुमी, सरपंच, हेडमास्तर आनि नाथाजी तात्या. फोटो काढायला चौघं. बाक तिघांचं अस्तंय. आनि नाथाजी तात्या एकटं दोघांचं हायती, हे तुमी मिल्ट्रीत हुतासा, तुमाला मोजाया यील. मग बाकाचा काय दोष?

न्हाई, हसत न्हाई मी. माजं तोंडच असं हाय. शाळंत बी ह्याच तोंडापायी मार खाल्ला. दहावीच्या पेपरात आलं हुतं, आयताकृती मैदानाचं क्षेत्रफळ काढा. मी लिवलं, बाकं धरून का वजा करून? भूमितीत गेलो. खोटं न्हाई, इच्यारा कुनाला बी. तवा आपल्या मराठी शाळंच्या मैदानात आठ बाकं हुती. आता किती हायती म्हाईत हाय? बत्तीस. तुमच्या वडलांचं, नानांचं, मोडल्यालं धरून बत्तीस. आनि पोरं किती? चौसष्ट. दोन पोरांमागं एक बाक. जिल्ह्यात कुटल्या शाळंत असंल सांगा. हेडमास्तर पावन्यांस्नी कौतुकानं दावत्यात, लोकसहभाग म्हनून.

आवं कसला लोकसहभाग. गावात कोन मेलं की तेराव्याच्या आत माज्याकडं मानूस येतोय — मल्हार, एक बाक टाक रं, काळ्या फरशीवर नाव, कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. कुटं ठेवायचं? शाळंत. सगळं शाळंत. देवळात जागा न्हाई, यष्टी ष्टँडावर पोस्टर लागत्यात, मग मेलेला मानूस ठेवायला ऱ्हायली शाळा. पयली भितीकडंनं लागली, मग झाडाच्या सावलीला लागली, सावली संपली, मग आली मैदानात. आनि बसतंय कोन? पोरं? पोरांस्नी हेडमास्तर बसू देत न्हाईत, कपड्याची माती लागती म्हनून. बसता तुमी. सांजचं पाच वाजलं की सगळी रिटायर मंडळी हजर — कोन यष्टीतनं, कोन साखर कारखान्यातनं, कोन मिल्ट्रीतनं. पेपर काय, तंबाखू काय, आनि एखादं पोरगं पळत आलं की लगीच — ये, पळू नगं रं, च्या सांडंल. शाळा कुनाची? पोरांची. पळायचं न्हाई कुनी? पोरांनी.

थांबा, माजं संपू द्या. हेडमास्तर हातात ते घड्याळ बांधत्यात, पावलं मोजतंय ते. रोज धा हजार पावलं. कुटं चालत्यात? व्हरांड्यात, शाळा भरल्यावर, ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर. आनि पोरं? पोरं मधल्या सुट्टीत वळीनं पायरीवर. गेल्या साली आष्ट्यासनं तपासायला डाक्टरीन बाई आली हुती. तिनं सातवीतल्या पोरांस्नी म्हनलं, जरा जाग्यावर उड्या मारा. पन्नास उड्यांत निम्मी पोरं गपकन खाली बसली. उसाच्या रानातली पोरं, मेजर. बाई म्हनली, हिकडं मैदान न्हाई का? हेडमास्तर म्हनलं, हाय की, लय सुंदर हाय, आनि न्हेऊन बाकं दावली. बाई दमली हुती बिचारी, बसली एका बाकावर.

उड्या मारत्यात म्हनताय बाकावरनं? कोन मारतंय? एकदा मारली हुती तुमच्याच भावकीतल्या साईराजनं, दुसरीतलं पोरगं ते, बाकावर चडून मारली एक उडी. त्या बाकावर नाव हंपन्ना गुरवाचं. संध्याकाळी गुरवाची चार मानसं साईराजच्या दारात — आमच्या आज्याच्या नावावर पाय दिला म्हनून. नारळ फोडून मिटवाय लागलं. तवापास्नं मास्तरांनी फळ्यावर कायमचं लिवलंय, बाकांस पाय लावू नये. म्हंजे बाजूनं पळायला जागा न्हाई आनि वरनं उडायला परवानगी न्हाई. पोरांनी करावं काय? ह्या म्हाताऱ्यांच्या नावांला पाया पडत वर्गात जावं?

राग मानू नगासा. मानला तरी मी बोलनारच हाय.

आता प्रांजलचं ऐका. प्रांजल म्हंजे माजी धाकटी भन. आमी मूळचं जतकडचं, मेंढरं घिऊन फिरनारी मानसं, पळनं आमच्या रक्तातच — असं तुमीच म्हन्ता न्हवं भाषनात? तर ही सहावीत हुती गेल्या साली. मेंढराच्या मागं पळून पाय तयार. तालुक्याच्या शर्यतीला शंभर मीटरात तिचं नाव. मी बी गेलो हुतो बगायला, काम बंद ठिवून. सपाट ग्राउंड, चुन्यानं पट्ट्या मारलेल्या, आट पोरी. शिट्टी झाली आनि आमची प्रांजल सुटली — मेजर, सुटली म्हंजे काय, बाकीच्या पोरी हुब्या हायत्या असं वाटावं. पन्नासाव्या पावलाला दोन हात म्होरं हुती. आनि पन्नासाव्या पावलाला ती वळली. डावीकडं. एकदम अशी, कंबरंतनं. तितं काय नव्हतं. चुन्याची पट्टी, वर आभाळ, बाकी काय न्हाई. तरी वळली, शेजारच्या पट्टीत गेली, तिथल्या पोरीला धडाकली, दोघी बी पडल्या. पंचानं बाद केलं. मला वाटलं, मुंगळा बिंगळा चावला. तेवढ्यात पोरांची शर्यत लागली. आपल्याच शाळंचा जयराज हुता तिसऱ्या पट्टीत. पन्नासावं पाऊल — डावीकडं. त्यो बी बाद. समदं ग्राउंड हसाय लागलं. एक मास्तर म्हनला, ह्या शाळंला काय लकवा झालाय का?

कळलं का तुमाला? मला तितं कळलं न्हाई. घरी येताना प्रांजल मोटरसायकलवर मागं बसून रडत हुती, आनि रडता रडता म्हनली — दादा, माज्या डोळ्यांस्नी तितं बाक दिसलं. मैदानातल्या लिंबापास्नं पान्याच्या टाकीपातूर पोरं पळायची, मेजर, न्हाई का, तेवढीच शंभर पावलं हायती आपल्या शाळंत. आनि पन्नासाव्या पावलाला दोन बाकं. रोज डावीकडनं चुकवायची. पायांस्नी सवय लागली. मी वतलेली बाकं हुती ती, मेजर. माज्या हातची.

... डोळ्यात सिमेंट गेलंय. रोज जातंय. त्येचं काय न्हाई.

मग मी ग्रामसभंत गेलो. हुबं ऱ्हाऊन बोललो, बाकं काडा. तुमी हुतासाच की म्होरच्या खुर्चीत. काय म्हनलं सरपंच? शाळा सोडलेल्यानं शाळंवर बोलू ने. समदी हसली. तुमी बी हसलासा, मी बगितलं. म्हनलं बरं. मग हेडमास्तरला एकट्याला गाठलं, म्हनलं ह्या दोन बाकांचं पाय तडकलंत, पोराच्या अंगावर पडलं तर तुमची बदली पार जतच्या टोकाला. दुसऱ्या दिवशी स्वता मास्तर हात लावाय आले. दोन्ही बाकं भितीला. पाय तडकलं नव्हतं, आता सांगतो. दिवाळीनंतर दोन म्हयनं शंभर पावलं मोकळी हुती — पोरं काय पळायची, बगायला नव्हतासा तुमी. जेवायच्या सुट्टीत डबा हातात घिऊन पळायची.

आनि जानेवारीत केरबा नाना गेलं.

मानूस लय चांगला. मी नानांबद्दल काय वाईट बोलत न्हाई. पन तुमी आलासा, आनि शंभर पावलांतनं फिरलासा, हात मागं बांधून, आनि म्हनलासा — येवडी मोकळी जागा फुकटच ऱ्हायलीया, हितं मदोमद नानांचं बाक टाक. मदोमद. अंतर मोजून मदोमद. मिल्ट्रीत तुमास्नी शिकवत्यात काय, मोकळं दिसलं की अडवा म्हनून?

सळी? कसली सळी?

आत सळी दिसली न्हाई म्हनताय. आसंल की. गंजून गेली आसंल. सहा म्हयन्यात गंजत न्हाई, बरुबर हाय. मग उंदरानं खाल्ली म्हनायचं का... असं बगू नगासा. बरं. न्हाई घातली. घातलीच न्हाई. बैठकीच्या फळीला चार सळ्या लागत्यात, मी एक बी घातली न्हाई. खडी आनि सिमेंट, वरनं गिलावा चांगला मारला. पोरं बसत न्हाईत, हे मला पक्कं ठावं हुतं, आनि एकट्या-दुकट्या म्हाताऱ्याला ते तगलंच असतं. मला वाटलं, पावसाळ्यात आपलं आपन तडकंल, उचलून टाकू. चौघं एकदम बसशीला, आनि ते बी कॅमेऱ्याम्होरं, असं माज्या डोक्यात आलं न्हाई. तुमी खाली बसल्यावर नाथाजी तात्या तुमच्यावर बसलं, ते तर अजिबात न्हाई. हां, हानायचं तर हाना. पन ह्या बाकावर काटी आपटू नगा, वलं हाय. ते एकच बाक बिनसळीचं, आईची आन. बाकी समदी लोखंड घालून केल्यात.

आता तुमी म्हन्ता, पितरांच्या पंधरवड्याआत, म्हाळ घालायच्या आत, नवं बाक त्याच जागी हुबं पायजे. पक्की सळी घालून. करून दितो. फुकट दितो, चूक माजी हाय. पन एक सांगतो, मग तुमचं तुमी ठरवा.

मोडलेल्या बाकाची पाठ, नावाच्या फरशीसकट, धड ऱ्हायलीया. हेडमास्तर म्हनलं ठिवा बाजूला. ती सात पोरांनी वडत न्हेली आनि लिंबाच्या बुडाला टेकवली. का? सुरुवात करायला. फरशीला टाच लावायची आनि पळायचं. पयल्या दिशी पोरं म्हनायची, लिंबापास्नं टाकीपातूर. आता काय म्हन्त्यात? चल रं, केरबापास्नं टाकीपातूर. चल गं, केरबाला टाच लाव. केरबाच्या म्होरं पाय आला तर बाद. दिवसातनं शंभरदा नाव घेत्यात, मेजर. कैलासवासी न्हाई, श्रीमान न्हाई, नुस्तं केरबा. बाकीच्या एकतीस बाकांवरची नावं इच्यारा एका तरी पोराला, एक सांगनार न्हाई.

पाय लावत्यात म्हनून राग आला? आवं, नानांला कवा बसल्यालं बगितलंय का कुनी? मी आट वर्साचा हुतो. तुमच्या उसात शिरलो, एक कांडं मोडलं. नाना सत्तरीचं. धोतर खवून सरीतनं जे माज्या मागं सुटलं — म्हनलं म्हातारं किती पळंल, दम लागून बसंल. वड्यापातूर पळालं. वड्यात धरलं मला. कान पिळला आनि म्हनलं — पोरा, पाय चांगलं हायती, पन पळताना मागं बगू नगंस. आनि कांडं माज्याच हातात दिलं. तसल्या मानसाच्या नावानं तुमी बसायची जागा केलीसा. मी पळायची केली. सळी न घालता का हुईना.

शर्यत? येत्या गुरवारी, आष्ट्याच्या ग्राउंडवर. प्रांजलची सातवी हाय, पुढल्या साली ही शाळा सुटली. का इच्यारताय? पन्नासाव्या पावलाला अजून दचकते ती, वळत न्हाई पन दचकते, खांदा असा जातोय. कुनीतरी रोज सकाळी हुबं ऱ्हाऊन बगाय पायजे. आमच्या पीटीच्या सरांस्नी निवडनुकीच्या याद्यांतनं सवड न्हाई. तुमी पूर्वी भरतीच्या पोरांस्नी पळवायचासा की, पाटं चारला, शिट्टी घिऊन. मी बी हुतो त्यात, तुमाला आटवत नसंल. छातीत दोन सेंटिमीटर कमी पडलो, पळन्यात न्हाई. शिट्टी हाय का अजून? कपाटात? का ती बी कुनाच्या स्मरनार्थ दिऊन टाकलीसा?

बरं, इच्यार करा. मी काय पाया पडत न्हाई. बाक पायजे तर उद्या साचा लावतो, नगं असंल तर सकाळी सातला लिंबाखाली या. नुस्तं या, भाषन करू नगासा. आता जावा, मला माल वतायचाय, घट्ट व्हाय लागलाय...

आवं मेजर. मेजर, त्येच्यावर नगा बसू. न्हाई, कारन काय न्हाई. पलीकडच्यावर बसा की. हे सरपंचाच्या आज्याचं हाय, सोमवारी शाळंत जायाचंय. वाळलंय, वाळलंय चांगलं, पन —

असं बगू नगासा मेजर.