कुमुदताईंच्या कुंचीचा कागद

...नाही, पण ए-फोर हे माप ठरवलं कोणी, ते सांगा ना मला आधी! तुम्हाला सांगतो, आमच्या श्रीरंगरावांनी चौतीस वर्षं दिल्लीत सरकारी फायली सांभाळल्या, फुलस्केप म्हणू नका, हातभर लांब नकाशे म्हणू नका, पण कुठल्या कागदाला कधी 'तुझं माप चुकलं' असं म्हणाले नाहीत. आणि रिटायर होऊन, लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून नोएडात सातव्या मजल्यावर राहायला गेले, तर तिथे टेबलावर बसलेला एक प्रिंटर त्यांना दटावतो... चेक पेपर साइझ!

प्रिंटर लेकीनेच दिलेला. देवयानी टोरांटोला जाताना म्हणाली, 'बाबा, यात स्कॅनरपण आहे, कॉपीपण निघते, बिल्कुल ईझी!' बिल्कुल ईझी! पुढे तिला सातवा महिना लागला आणि फोन आला. 'बाबा, आई शिवायची ना ती टोपी, मागे पाठीवर पदर असतो... क्या कहते हैं उसे...'

'कुंची,' श्रीरंगराव म्हणाले.

'हां, कुंची! तिचा कागद आहे ना घरी? मला स्वतः शिवायचीय.'

आहे ना म्हणजे? कुमुदताईंना जाऊन दोन वर्षं झाली, पण शिलाई मशीनच्या खणात तो कागद अगदी तसाच. खाकी, घडीवर विरलेला, वीतभर रुंद, हातभर लांब, आणि त्यावर त्यांचं पेन्सिलीतलं अक्षर... 'इथे चुण्या', 'मानेशी हलका हात'. हा पोस्टात टाकायचा? गहाळ झाला तर? मार्केटात मोठं मशीन असलेल्याकडे नेला, तर तो म्हणतो कसा, 'रोलर में जाएगा अंकल, फट गया तो हमें मत बोलना!' श्रीरंगरावांनी कागद छातीशी धरला आणि तडक घरी आणला. घरच्या मशीनवर कसं, काचेवर नुसता ठेवायचा, ओढाताण नाही. पण कागद काही ए-फोर नाही हो!

मग अर्धा ठेवला, कॉपी काढली. उरलेला अर्धा ठेवला, कॉपी काढली. दोन्ही टेपने जोडले तर कुंचीच्या मधोमध पायरी! आणि पेन्सिलीचं अक्षर? गायब! त्या जागी कोरा करकरीत कागद! श्रीरंगराव इतके घाबरले, इतके घाबरले, की आधी झाकण उघडून मूळ कागदावरचं अक्षर जागेवर आहे का ते पाहिलं. आता हसता काय? तुम्हीही पाहिलं असतंत!

शेवटी शेजारच्या ममताला हाक मारली. बँकेत काम करते, लखनौची, मोठी गुणी मुलगी. 'अंकल, फोटो की तरह स्कैन करते हैं,' म्हणाली, आणि दोन्ही अर्धे पडद्यावर एकमेकांना असे जुळवले की सांधा दिसेना. मग फिकं अक्षर गडद करायला तिने तो भाग मोठा केला, आणि कुमुदताईंचा 'हलका हात' अख्ख्या पडद्यावर पसरला. एकेक काना बोटाएवढा!

'थोडं राहू दे तसंच,' श्रीरंगराव मराठीतच म्हणाले.

ममताला मराठी येत नाही. पण ती उठली, 'मैं चाय बनाती हूँ' म्हणाली, आणि चहा करायला तिने चांगली पंचवीस मिनिटं लावली.

चहा पिऊन प्रिंट दिला, तर त्या शहाण्याने अख्खी कुंची ए-फोरमध्ये कोंबली! बाहुलीची कुंची! 'फिट टू पेज हटाना पड़ेगा, अंकल.' हटवलं. मग कस्टम म्हणून एक जागा सापडली, तिथे लांबी-रुंदी घातली, आणि श्रीरंगरावांनी चार्ट पेपरची पट्टी पट्टीने मापून कापली. प्रिंटरने ती दोन बोटं आत घेतली आणि बसला ना तोंडात धरून! चेक पेपर साइझ! अरे, केला! तीनदा केला! दुसरी पट्टी वाकडी गेली, तिसरीला लाईट गेली... चौथीला श्रीरंगराव खाली वाकून, बाहेर येणारा कागद दोन्ही हातांवर असा झेलत होते, जणू दवाखान्यातली नर्स बाळच हातात देतेय. आला! अख्खा आला! मूळ कागदावर ठेवून पाहिला, रेषेला रेष. आणि अक्षरही.

कुरिअर गेलं, पोचलं. पुढे मुलगी झाली, आणि देवयानीचा फोन आला. 'बाबा, एकदम मापात बसली! मी आईशी बोलत बोलत शिवली.' श्रीरंगरावांनी फोन कानाशी धरूनच मूळ कागद खणातून काढला. 'पण बाबा, काठावर आईने लिहिलंय, "सहाव्या महिन्यात चौफेर एक बोट वाढवणे." एक बोट म्हणजे कितने सेंटीमीटर?'

आली का पंचाईत! बोट, पण कोणाचं? यांचं बोट म्हणजे राजेळी केळं! मग त्यांना आठवलं, कुमुदताईंची अंगठी यांच्या करंगळीत जेमतेम जायची. बसले करंगळी पट्टीवर टेकवून. 'सव्वा सेंटीमीटर,' म्हणाले, 'थोडं कमीच. नाजूक होती ती. तू राहू दे, मीच मोठा काढून पाठवतो.' आणि फोन ठेवून प्रिंटर लावला...

आता त्या मेनूत, तुम्हाला सांगतो, लेटर आहे, लीगल आहे, चार तऱ्हेची पाकिटं आहेत... बायकोचं बोट तेवढं कुठेच नाही!