मेगरची ओळ

— नाय, सही नाय करणार मी. कागद ठेव तिथं ड्रिलखाली, उडेल नायतर. वाचलाय मी, वाचता येतं मला, ओंकार — "सदर लेख मी स्वतः लिहिला असून मशीनची मदत घेतलेली नाही." ह्याच्यावर सही करू म्हंजे खोटं बोलू? महाड-पोलादपुरात जळलेल्या मोटरींची कॉइल भरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक हाय, आवडी बोलते आणि तिचा मोबाईल लिहितो. लपवलं कधी मी? तू आपल्या मोटरवाल्यांचा ब्लॉग सांभाळतोस, त्याच्या कमिटीनं पाठवलं म्हणून आलास, तुझ्यावर राग नाय माझा — हाय, थोडा हाय.

का असू नये? तुमचा ब्लॉग निघाला तवा पहिला लेख मी हातानं लिहून दिलेला, जळलेली मोटर खोलायची कशी त्याचा. काय केलंत? परत पाठवलात. भाषा गावठी हाय, वाचणाऱ्याला कळायची नाय. अरे, वाचणारा कोण — पोलादपूरचा, कशेडीचा माणूसच ना? मंग मी मोबाईलला सांगाय लागले, तो लिहाय लागला एकदम साहेबासारखं, तवा लागलात म्हणायला वा आवडीताई, काय सुंदर. चौदा लेख टाकलेत. आणि आता नियम केलात, मशीनचं लिखाण नको, चौदाच्या चौदा काढायचे. त्यातलं डोकं कुणाचं? मोबाईलनं कधी पुरातली मोटर खोललीय? बेअरिंगच्या मागं चिखल बसतो हे त्याला कुणी सांगितलं?

चुका करतं मशीन — करतं ना, मला विचार. उमरठच्या किशोरचा करंट लागून हात भाजला, तुम्ही सगळे म्हणालात त्यानं घाई केली. घाई नाय केली त्यानं. माझा लेख समोर ठेवून केलं, पायरी पायरीनं. भिजलेली मोटर धुवा, खोक्यात बल्ब लावून तीन दिवस सुकवा, मंग मेगर लावून बघा बॉडीत करंट उतरतोय का, आणि मंगच चालू करा — असं मी बोललेले. मोबाईलनं मेगरची ओळ गाळली. आणि मी शेवटपर्यंत वाचलंच नाय. पहिल्या चार ओळी वाचल्या, इतक्या छान वाटल्या, ही मीच का असं झालं मला — आणि दिलं पाठवून. दहा दिवस तसंच होतं. किशोरला झटका बसल्यावर गुपचूप ओळ घातली. तू तपासून टाकतोस ना लेख? तुला तरी कुठं दिसलं?

नियम करायचाच तर असा करा — हातानं लिहा नायतर मशीनकडून लिहून घ्या, ज्याचं नाव खाली त्यानं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं, आणि चुकलं तर समोरच्याच्या दारात जाऊन सांगायचं. ह्याच्यावर सही करते, आण पेन. तेरा लेख काढ हवे तर. तो एक ठेव आणि वर ठळक लिही, ह्यात दहा दिवस मेगरची ओळ नव्हती. मशीनला पुढं नको करूस. आवडीनं वाचलं नाय, असं लिही.

काय? मी गेले का किशोरच्या दारात?

नाय. दोनदा फाट्यापर्यंत गेले. एकदा तर त्याची आई दिसली, पाण्याचा हंडा घेऊन — माघारी फिरले. बस, आता बघू नको असा. गाडी आणलीयस ना? मंग ते शटर ओढ, मी हात धुते. उमरठच्या फाट्यावर सोड मला आणि तू जा परत. घरापर्यंत नको येऊस.