पुसट रुपया, लखलखीत रुपया

मी साखऱ्याचीच, माहेरबी इथंच आन सासरबी इथंच, सारा जलम मेंढरांमागं गेला. मेंढरू लांबून चालताना बघितलं तर त्याचं दुखणं मला कळतं, पण हे रुपये हातात घेऊनबी कळंनात, काय सांगू तुमाला.

आईचे दोन रुपये व्हते, निजामाच्या वक्ताचे, चांदीचे, चारमिनारचं चित्र असलेले. एक आई गळ्यात घालायची, सोनाराकडून कडी लावून, पालिश करून घेतलेला, नुसता लखलखीत. दुसरा पेटीत चिंधीत बांधून पडलेला, त्याचा चारमिनार मधीच पुसट, जसा कुणी अंगठ्यानं घासून टाकला. आई गेली, तवा मी थोरली, धाकटीचं मन राखावं म्हून चमकता कमलला दिला, माझ्या बहिणीला, पुसेगावला दिलीय ती, आन पुसट मला ठेवला.

मंग कमलच्या मालकानं दोनी रुपये हिंगोलीला जुन्या नाण्याच्या व्यापाऱ्याकडं नेले, त्यानं कमलच्याची कडी काढून ते कुठं लांब तपासाया धाडले, आन परत आले तर काय, पिलास्टिकच्या डबीत बंद, वर खरेपणाची आन दर्जाची चिठ्ठी चिटकवलेली. आमी दोघी बहिणी बघाया गेलो. व्यापारी म्हणला, मावशी, तुमचा पुसट रुपया कोरा हाय, वापरलेलाच न्हाई, वरचा दर्जा भेटला. मी म्हणलं, काहून चेष्टा करून राहिले भाऊ, झिजलेला डोळ्यानं दिसतोय की. तो म्हणला, झिजला न्हाई, टांकसाळीत ठसा मारतानाच तिथं दाब कमी पडला, चित्र उठलंच न्हाई, झिजला आसता तर चांदीची मूळची झळाळी गेली आसती, ही बघा, पुसट जागीबी हाय. आन कमलच्या रुपयाचा ठसा बराबर उठलेला, पण घासला, पालिश केला, कडीचा डाग ऱ्हायला, म्हून त्याला दर्जाच न्हाई.

म्हंजी चित्र उठलं तो वाईट आन न उठलं तो चांगला? मी परत परत इचारलं, त्यानं परत परत सांगितलं, मला आपलं कळंचना.

यष्टीत कमल बोलली, आक्का, तुला ठावं व्हतं, म्हून मला तो दिला. आता हिला काय सांगावं, मला तर आजूनबी ठावं न्हाई.

लई दिस बोलली न्हाई. शेवटी माझी डबी घेऊन मीच पुसेगावला गेले, म्हणलं, घे बाई, हा चांगला हाय म्हणत्यात, तूच घे. तिनं दोनी डब्या मांडीवर घेतल्या, बघत बसली, मंग हळूच म्हणली, आक्का, आईच्या गळ्यातला तू मला दिलता. आन उठली, अडकित्ता आणला, आपली डबीच फोडली. तिचा मालक वरडला, अगं येडी झाली का, डबी फोडली तर चिठ्ठीला काय अर्थ ऱ्हायला. ती म्हणली, नसू दे.

आता तो तिच्या गळ्यात हाय, परत कडी लावून, काळ्या दोऱ्यात. माझा डबीतच हाय, हात लावता येत न्हाई, लोकं येत्यात, लई चांगला हाय म्हणत्यात, मी व्हय म्हणते. कमल येती-जाती, बोलती, देव तिचं बरं करो. तुमी शिकलेले, तुमाला कळलं आसंल तर सांगा, न्हाई कळलं तर ऱ्हाऊ द्या, चहा तेवढा घेऊन जा.